मिठातलं आयोडीन, पिठातलं फोलिक आम्ल: मिसळणं सोपं, मोजत राहणं अवघड

निळसर

एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत मी १९ वर्षं काम करते. त्यातली पहिली ११ वर्षं जवळजवळ फक्त मीठ तपासलं. दहा ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालायचं, शंकुपात्र झाकून दहा मिनिटं अंधारात ठेवायचं. बाहेर काढलं की पाणी पिवळं झालेलं असतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. पिवळा रंग अगदी फिकट झाला की स्टार्चचं द्रावण घालायचं. सगळं पात्र गडद निळं होतं आणि पुढे कुठल्यातरी एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. किती थेंब लागले त्यावरून मिठात किती आयोडीन आहे ते कळतं. माझं इथलं नाव त्या निळ्यावरूनच आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकाच दिवशी भरलेल्या मिठाच्या दोन पिशव्या माझ्याकडे आल्या. एकीत किलोला ६ मिलिग्रॅम आयोडीन, दुसरीत ६० च्या वर. वाटलं, माझंच काही चुकलं. तीनदा केलं, आकडे तेच. म्हणजे पोत्यांच्या पोत्यांवर आयोडीन फवारलं होतं, पण मीठ नीट घुसळलं नव्हतं. घरात पोचलेल्या मिठात किलोला निदान १५ मिलिग्रॅम असावं अशी अपेक्षा असते. ती पहिली पिशवी ज्या घरात जाणार होती तिथे कदाचित एखादी गरोदर बाई असती. तिला कळायचा काही मार्गच नव्हता, कारण मीठ दिसायला, चवीला, वासाला अगदी तेच. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

रोजच्या अन्नात मुद्दाम पोषकद्रव्यं मिसळण्याला फोर्टिफिकेशन म्हणतात. मिठात आयोडीन, पिठात लोह आणि फोलिक आम्ल (ब गटातलं एक जीवनसत्त्व), दुधात ड जीवनसत्त्व, तेलात आणि साखरेत अ जीवनसत्त्व. त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, 'हे सगळं रासायनिक, नकोच.' दुसरं, 'मिसळलं की प्रश्न सुटला.' मला दोन्ही पटत नाहीत, आणि का ते सांगायचं तर आयोडीनचीच गोष्ट सांगावी लागेल.

माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. सत्तर वर्षांचं मिळून चार ग्रॅमही भरत नाही. पण ते साठवून ठेवायची शरीराची ताकद थोडी, त्यामुळे थोडं थोडं, नेहमी मिळावं लागतं. ते मिळालं नाही की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रक्तातला कण न् कण पकडण्यासाठी मोठी होत जाते. तोच गलगंड. पण गलगंड निदान दिसतो तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन कमी पडलं तर ते नुकसान पुढे भरून येत नाही.

आल्प्स पर्वतात हा प्रकार फार भयंकर होता. हिमयुगातल्या हिमनद्यांनी तिथली वरची माती खरवडून नेली आणि मातीबरोबर आयोडीनही गेलं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरांनी गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली. गाठी खरंच लहान झाल्या. पण मात्रा आजच्या गरजेच्या शेकडो पटींनी जास्त होत्या. काही रुग्णांची थायरॉइड बेफाम झाली, छातीची धडधड, वजन झपाट्याने घटणं. लोक घाबरले आणि आयोडीनचं नाव बदनाम झालं. उपाय बरोबर होता, माप चुकलं होतं. त्या एका चुकीची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९१८ मध्ये, ओटो बायार्ड नावाच्या स्विस डॉक्टरांनी ग्रेखेन या डोंगरातल्या गावी काही कुटुंबांना अगदी अल्प आयोडीन मिसळलेलं मीठ देऊन पाहिलं. गलगंड ओसरले आणि कोणाला त्रास झाला नाही. मग हान्स एगेनबर्गर या शल्यविशारदांनी चळवळ उभी केली आणि १९२२ मध्ये आपेनझेल आउसररोडेन परगण्यात असं मीठ विक्रीला आलं. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात शाळकरी मुलींवर मोठी चाचणी केली. आयोडीन घेणाऱ्या २१९० मुलींपैकी ५ जणींचा गळा वाढला, न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींचा. मिशिगन राज्यात १९२४ पासून आयोडीनयुक्त मीठ मिळू लागलं.

आज जगातल्या दहापैकी जवळपास नऊ घरांत आयोडीन असलेलं मीठ आहे. माझ्या मते सार्वजनिक आरोग्यातलं हे फार मोठं काम आहे, आणि ते दिसत नाही, कारण जे गलगंड झालेच नाहीत ते कोण मोजणार?

तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायला आवडतील. आक्षेप जरा जास्तच.

---

पायवाट

माहितीपूर्ण धागा. पुढील लेखनाला शुभेच्छा. ६ आणि ६० चा किस्सा वाचून आत जाऊन मिठाची पिशवी पाहून आले.

---

उंबरठा

आक्षेप मागितलेत म्हणून मनापासून लिहितो.

औषध घ्यायचं की नाही हे रोगी ठरवतो. डॉक्टर समजावतो, आपण हो म्हणतो, मग गोळी घेतो. इथे कोणी विचारतच नाही. माझ्या ताटात काय असावं हे दुसरं कोणीतरी ठरवतं, कारण सरासरी माणसाला ते कमी पडतंय. मी सरासरी माणूस नाही, कोणीच नसतो. ज्याला गरज आहे त्याला शोधा आणि त्याला द्या, सगळ्यांना कशाला?

दुसरं असं की कमतरता मुळात येते ती अन्न निकृष्ट झाल्यामुळे. धान्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकायचा, त्याबरोबर गेलेल्या दहा गोष्टींपैकी तीन-चार परत घालायच्या आणि वर 'समृद्ध' असा शिक्का मारायचा. यात मला मूळ प्रश्नाला बगल दिलेली दिसते.

---

रानजाई

उंबरठा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर द्यायचा मला हक्क आहे असं वाटतं.

माझ्या मुलाला स्पायना बायफिडा आहे. पाठीच्या कण्याचा खालचा भाग पोटात असताना नीट मिटला नाही. तो आता चौदा वर्षांचा आहे, चाकाच्या खुर्चीवर असतो, गणितात माझ्यापेक्षा हुशार आहे आणि आतापर्यंत त्याच्या सात शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

मला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा सहावा आठवडा संपत आला होता. त्याच दिवशी फोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्या. एक दिवस चुकवला नाही. नंतर एका पुस्तकात वाचलं की बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे मी पहिली गोळी घेतली तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला लग्नानंतर, दिवस जायच्या आधी, हे कोणीही सांगितलं नाही. तपासणीला मी आधी दोनदा जाऊन आले होते, वेगळ्या कारणासाठी. तिथेही कोणी विचारलं नाही की बाळाचा विचार आहे का.

'ज्याला गरज आहे त्याला शोधा' म्हणता, पण मला कोणी आणि कधी शोधायला हवं होतं? मलाच माहीत नव्हतं की मी ती आहे. माझ्या रोजच्या पिठात ते असतं तर मला काही माहीत असायची गरजच नव्हती.

गोळ्या घेऊनही असं होऊ शकतं, सगळीच प्रकरणं फोलिक आम्लाने टळत नाहीत, हे मला आता ठाऊक आहे. माझ्या मुलाचं टळलं असतं की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण ती शक्यता मला मिळाली नाही.

---

तिन्हीसांज

रानजाई, तुम्हाला आणि लेकाला खूप खूप प्रेम.

---

निळसर

रानजाई, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा.

तुम्ही म्हणता त्याला भक्कम आधार आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. आधीच्या बाळात असा दोष झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. चाचणी मध्येच थांबवली, कारण इतकं स्पष्ट दिसत असताना अर्ध्या बायकांना त्यापासून वंचित ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

त्यानंतर प्रश्न उरला तो तुम्ही मांडलात तोच: गर्भधारणेपूर्वी म्हणजे कधी? कितीतरी गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात. म्हणून अमेरिकेने जानेवारी १९९८ पासून पिठात ते सक्तीचं केलं, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. त्याच वर्षी कॅनडाने, २००० मध्ये चिलीने. कॅनडात आधी दर हजार जन्मांमागे १.५८ बाळांत हा दोष होता, नंतर ०.८६. मृत जन्म आणि दोष कळल्यावर केलेले गर्भपातही त्या मोजणीत धरले आहेत, म्हणून मला तो आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि ज्या देशात ही चाचणी उभी राहिली त्या ब्रिटनने? तिथे पिठाचा कायदा २०२४ मध्ये झाला आणि अंमलासाठी २०२६ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. १९९१ ते २०२४. या ३३ वर्षांचा मी विचार करते तेव्हा घसा दाटून येतो. समित्या बसल्या, शिफारशी झाल्या, परत समित्या बसल्या. त्या काळात जन्मलेली आणि न जन्मलेली मुलं कुठल्याच समितीसमोर येऊन बोलू शकत नव्हती.

---

वाटसरू

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. फोर्टिफिकेशनच्या बाजूने आहे, पण जबाबदारीने बोलायचं तर धोकेही सांगायला हवेत.

फोलिक आम्लाचं घ्या. ब१२ कमी पडलं की दोन गोष्टी होतात: एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होतो आणि नसांची हानी होते. फोलिक आम्ल भरपूर मिळालं की रक्तक्षय सुधारतो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. रक्ताचा अहवाल बरा दिसतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायांच्या मुंग्या 'वयोमानाने' म्हणून सोडून दिल्या जातात. म्हणूनच कृत्रिम फोलिक आम्लाची दिवसाची वरची मर्यादा १ मिलिग्रॅम धरतात आणि पिठातली मात्रा तिच्या बरीच खाली राहील अशी ठरवतात.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बाळांच्या दूधभुकटीत, बाळांच्या अन्नधान्यात, शिवाय कॉड माशाच्या तेलातून, सगळीकडून ड मिळत होतं. मुडदूस परत येऊ नये हा हेतू अगदी चांगला. प्रत्येक डब्यातलं प्रमाण स्वतंत्रपणे ठीकच होतं. पण एकाच बाळाच्या पोटात या सगळ्यांची बेरीज किती होते हे कोणी पाहिलं नव्हतं. १९५० च्या दशकात रक्तात कॅल्शियम फार वाढलेली बाळं दिसू लागली. ओकाऱ्या, वजन न वाढणं, काहींचं मूत्रपिंड खराब. १९५७ मध्ये प्रमाण कमी करावं लागलं.

आता लोहाकडे येतो, कारण सगळ्यात अवघड प्रकरण तेच. आयोडीन जास्त झालं तर बहुतेक निरोगी माणसं ते लघवीवाटे टाकून देतात. जादा लोह बाहेर टाकायची सोय मात्र शरीरात नाही, आतड्यातून शोषण कमी करणं एवढाच उपाय त्याच्या हातात असतो. थॅलेसेमियाच्या काही प्रकारांत आणि हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात हे दारच नीट बंद होत नाही. त्या लोकांना लोह असलेलं पीठ किंवा तांदूळ कोणता हे पिशवीवर ठळक छापलेलं मिळालंच पाहिजे. यात तडजोड नको. एक खुलासा मात्र करतो, कारण नेहमी रक्त चढवावं लागतं अशी मुलं असलेले आईवडील फार घाबरतात. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जातं. पिठातून मिळणारं लोह त्यामानाने अगदी किरकोळ. डॉक्टरांना जरूर विचारा, पण घाबरून मुलाचं जेवण तोडू नका.

आणखी एक. आफ्रिकेजवळच्या पेंबा बेटावर लहान मुलांना लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या रोज देण्याची चाचणी झाली, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथे मलेरिया फार. गोळ्या मिळालेल्या मुलांत रुग्णालयात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त निघालं. एकदम पोटात जाणारी गोळी आणि अन्नात विखुरलेलं लोह यांत फरक आहे, तरी 'लोह म्हणजे चांगलंच' हे वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

---

जातं

मी पीठगिरणीत पाळीचा प्रमुख आहे. वरच्या सगळ्यांनी शास्त्र लिहिलं, मी जमिनीवरचं लिहितो.

जीवनसत्त्वं आणि लोह यांची तयार भुकटी येते, तिला आम्ही प्रीमिक्स म्हणतो. एक टन पिठात ती काही शे ग्रॅम पडते. म्हणजे पिठाचा प्रवाह वाहत असताना बाजूच्या फीडरमधून भुकटीची अगदी बारीक धार सतत पडत राहिली पाहिजे आणि पुढच्या स्क्रूमध्ये ती पिठात एकजीव झाली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. दमट हवेत ती भुकटी फीडरच्या तोंडाशी गोळा होऊन कमान धरते. वर डबा भरलेला दिसतो, मोटर फिरत असते, दिवा हिरवा असतो आणि खाली काहीच पडत नसतं. एकदा असं अख्खी रात्रपाळी चाललं होतं. सकाळी मी डबा पाहिला, पातळी आदल्या संध्याकाळी होती तिथेच. ते पीठ आम्ही परत फिरवून घेतलं, पण त्याआधी किती वेळा असं होऊन गेलं असेल आणि आम्हाला कळलं नसेल, हे मनाला लागून राहिलं आहे.

तेव्हापासून मी दर पाळीला दोन मिनिटं फीडरखाली भांडं धरून पडलेली भुकटी वजन करतो. आणि ठिपक्यांची चाचणी करतो. पीठ दाबून सपाट करायचं, त्यावर पोटॅशियम थायोसायनेट आणि आम्लाचं द्रावण टाकायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. लोहाचा कण जिथे आहे तिथे लाल ठिपका उमटतो. ठिपके सारखे पसरलेले दिसले की जिवाला बरं वाटतं. एकाच कोपऱ्यात दाटी झाली असेल तर मिसळण नीट नाही. किती लोह आहे हे यातून अचूक कळत नाही, पण आहे की नाही आणि पसरलंय की नाही हे पाच मिनिटांत कळतं.

लोहाचा प्रकार निवडणं हीसुद्धा कसरत आहे. फेरस सल्फेट स्वस्त आणि अंगी चांगलं लागतं, पण पीठ जास्त दिवस ठेवलं तर खवट होतं, रंग बदलतो. लोहाची बारीक धातूची भुकटी पिठाला काही करत नाही, पण पोटातही फारशी शोषली जात नाही. कोंड्यासकट दळलेल्या पिठात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं, तिथे लोहाचं ईडीटीए नावाच्या रसायनाशी जोडलेलं संयुग लागतं आणि ते महाग. कागदावर 'लोह मिसळलं' एवढंच लिहायचं असेल तर सगळ्यात निरुपयोगी लोह सगळ्यात सोयीचं पडतं. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही.

---

निळसर

जातं दादा, हा प्रतिसाद मी छापून प्रयोगशाळेत लावणार आहे.

---

उंबरठा

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. 'ज्याला गरज आहे त्याला शोधा' हे मी फार सहज लिहून गेलो. फोलिक आम्लाच्या बाबतीत माझं म्हणणं मी मागे घेतो.

दुसरा मुद्दा मात्र सोडत नाही, उलट त्याला आधार देतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये लहान मुलांचे डोळे कोरडे पडून आंधळेपणा येऊ लागला. लोणी परदेशी विकलं जात होतं, गरीब घरांतल्या मुलांना साय काढलेलं दूध आणि वनस्पतितेलाचं मार्गारीन मिळत होतं. कार्ल ब्लॉख नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हा संबंध ओळखला. मग नाकेबंदीमुळे मार्गारीनचा कच्चा माल येईनासा झाला, लोण्याचं रेशनिंग होऊन ते देशातच राहिलं आणि १९१८ मध्ये आजार ओसरला. काहीही मिसळावं लागलं नाही. मुलांच्या तोंडचं लोणी मुलांना परत मिळालं, एवढंच.

पेलाग्राचंही तसंच. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब लोक मक्यावर जगत आणि कातडी सोलवटून, जुलाब होऊन, भ्रमिष्ट होऊन मरत. जोसेफ गोल्डबर्गर यांना १९१४ मध्ये त्या कामावर पाठवलं. हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा आजार आहे हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अर्थतज्ज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांच्यासोबत गिरणीकामगारांच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन मिळकत आणि आजार यांचा संबंधही दाखवला. आणि ज्या मेसोअमेरिकेतून (मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश) मका आला तिथले लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे त्यातलं नायसिन (ज्याच्या अभावाने पेलाग्रा होतो ते ब जीवनसत्त्व) मोकळं होऊन अंगी लागे. मका जगभर गेला, ती रीत मागेच राहिली. म्हणजे ज्ञान होतं, अन्न होतं, वाटप चुकलं आणि रीत हरवली. हे दुरुस्त करायचं सोडून भुकटी मिसळणं मला आजही अपुरं वाटतं.

---

निळसर

उंबरठा, तुमच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दुसरीचा शेवट मी पुरा करते.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. नायसिनचा शोध त्यांना पाहायला मिळाला नाही, ते कॉनराड एल्व्हेम यांनी १९३७ मध्ये ओळखलं. गरिबी हे मूळ आहे हे गोल्डबर्गरना कोणाहीपेक्षा जास्त कळलं होतं. तरीही त्यांनी लोकांना यीस्ट वाटायची धडपड केली, कारण ते स्वस्त होतं आणि त्याने माणूस वाचत होता. जमिनीची मालकी आणि मजुरी बदलेपर्यंत थांबा असं त्या माणसाला सांगणार कसं? १९४० च्या दशकात पिठात आणि पावात नायसिन आलं, त्याच काळात मजुरी आणि आहारही सुधारला, आणि पेलाग्रा गेला. दोन्ही मिळून गेला. मला यात भांडण दिसत नाही.

पण जिथे तुमचं बरोबर आहे तिथे ते अगदी बरोबर आहे. साखरेने लडबडलेल्या खाऊच्या डब्यावर 'आठ जीवनसत्त्वांनी युक्त' असं छापलेलं मी रोज पाहते. त्याला मी फोर्टिफिकेशन म्हणतच नाही. पदार्थ विकण्यासाठी जीवनसत्त्व घालणं आणि लोकांत नेमकं काय कमी आहे ते मोजून, लोक जे खातातच त्यात, ठरल्या प्रमाणात घालणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने १९८७ मध्येच याची तत्त्वं लिहून ठेवली आहेत. गरज दाखवता आली पाहिजे, मात्रा अति किंवा नगण्य नको, ते अंगी लागलं पाहिजे, ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये.

ग्वाटेमालात १९७० च्या दशकात साखरेत अ जीवनसत्त्व घातलं तेव्हा कोणी साखर जास्त खा असं म्हटलं नव्हतं. गरिबातल्या गरीब घरात पोचणारा आणि मोजक्याच कारखान्यांतून निघणारा पदार्थ दुसरा नव्हता, म्हणून साखर. वाहक पदार्थ निवडताना तो पदार्थ चांगला की वाईट हे पाहत नाहीत, तो किती घरांत आणि किती नेमाने जातो हे पाहतात.

---

पायवाट

एक साधी शंका. एकीकडे मीठ कमी खा म्हणतात, दुसरीकडे मिठातून आयोडीन घ्या म्हणतात. मग? आणि समुद्री मिठात आयोडीन आपोआप असतं ना?

---

निळसर

समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण मीठ तयार होताना त्यातलं फारच थोडं मिठात उरतं. खडे मीठ, गुलाबी मीठ, समुद्री मीठ, कुठलंही असो, वेगळं घातलं नसेल तर ते पुरत नाही.

आणि मीठ कमी खाच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते. त्यासाठीच मात्रेचा तक्ता आहे. लोक सरासरी १० ग्रॅम खात असतील तर किलोला २० मिलिग्रॅम आयोडीन घाला, ५ ग्रॅम खात असतील तर ३९. मीठ कमी होईल तसं आयोडीन वाढवायचं. स्वित्झर्लंडने नेमकं हेच केलं. सुरुवातीला किलोला चार मिलिग्रॅमहूनही कमी होतं, टप्प्याटप्प्याने वाढवत २०१४ मध्ये २५ केलं. मध्ये मध्ये शाळकरी मुलांच्या लघवीतलं आयोडीन मोजत राहिले म्हणून कुठे थांबायचं ते कळलं.

घरी एवढंच करा: मिठाचा डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि ओलसर जागेत ठेवू नका.

---

वाटसरू

मोजत राहण्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात एकेकाळी दुग्धालयांत भांडी आणि यंत्रं निर्जंतुक करायला आयोडीनयुक्त द्रावणं वापरत. त्यातलं थोडं दुधात उतरे आणि लोकांना नकळत आयोडीन मिळे. पुढे दुग्धालयांनी ती द्रावणं बदलली. कोणाच्या मनातही आलं नाही की आपण एक पोषकद्रव्य काढून घेतोय. काही वर्षांनी शाळकरी मुलांत आयोडीनची कमतरता सापडली. २००९ पासून तिथे पावात आयोडीनयुक्त मीठ सक्तीचं झालं. सोव्हिएत संघ फुटल्यावरही तसंच: मिठाची व्यवस्था कोलमडली आणि गेलेला गलगंड परत आला.

आणि उलटंही घडायला हवं. डेन्मार्कमध्ये १९५४ पासून पिठात लोह सक्तीचं होतं, ते त्यांनी १९८७ मध्ये बंद केलं. सुरू केलेली गोष्ट तपासून थांबवणं हासुद्धा त्याच कामाचा भाग.

---

रानजाई

उंबरठा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. माझा मुलगा बाजूला बसून हा धागा वाचतोय. त्याने विचारलंय की २१९० पैकी ५ आणि २३०५ पैकी ४९५ म्हणजे किती पट फरक. मग स्वतःच काढून म्हणाला, जवळजवळ ९४ पट.

---

निळसर

बरोबर आहे त्याचं. त्याला सांगा, प्रयोगशाळेत अशी माणसं लागतात.

---

जातं

निळसर ताई, एक मदत हवी आहे. आमच्याकडे ठिपक्यांची चाचणी मी असेन तेव्हाच होते. बाकीच्या दोन पाळ्यांतली मुलं नवीन आहेत. त्यांना शिकवायचं आहे. नमुना कुठून आणि किती वेळाने घ्यावा?

---

निळसर

पोत्याच्या तोंडाशी वरवरचं पीठ घेऊ नका. भरण्याच्या जागी वाहत्या पिठातून घ्या, पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासात पहिला, मग दर दोन तासांनी. फीडर बंद पडून परत सुरू झाला असेल तर त्यानंतर लगेच एक. आणि शेजारी प्रीमिक्स न घातलेल्या पिठाचा एक नमुना नेहमी ठेवायला सांगा, म्हणजे नवीन मुलांना दोन्ही बाजूबाजूला दिसतील आणि काय शोधायचं ते कळेल. वहीत वेळ, वजन आणि कोणी पाहिलं ते लिहायचं. ठिपके दिसले नाहीत तर तेही तसंच लिहायचं, आणि लिहिणाऱ्याला कोणी रागवायचं नाही.